पाते ४७३१८, म्यान ६१९०२

गिरगाव, मुंबई ४
विजयादशमी, गुरुवार, ३ ऑक्टोबर १९५७
दुपारी पावणेदोन

चि. दिनानाथ यास,

काल, म्हणजे बुधवार दिनांक २ ऑक्टोबर रोजी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, लालबागला सुंदराबाई परबच्या खोलीत, सतरा माणसांच्या देखत, तू बोललेलं खोटं माझ्या हातात आलं. म्यानासकट त्याचं वजन साडेतीन पौंड भरलं. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात पाहून ठेवली. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या बाईला ती सवय असते. पेशंट किती वाजता गेला हे नातेवाइकांना अंदाजे सांगून चालत नाही.

एवढं टिपून झालं, आता आशीर्वाद. तुला आणि सौ. नलूला माझे मनापासून आशीर्वाद आहेत. ते या पत्रातल्या कुठल्याही मजकुरानं कमी होत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. नलूच्या गुडघ्यांना शेक चालू आहे का? (गरम पाण्याच्या पिशवीनं. मागच्या खेपेस तापवलेल्या विटेनं भाजून घेतलं होतं.) तुझं पित्त कसं आहे? रात्रीचं जेवण आठच्या आत उरकत जा आणि जेवताना बोलू नकोस. खरं तर जेवल्यावरही बोलू नकोस. देवळालीची हवा माणसाला सुधारते असं सगळे म्हणतात, तुझ्या बाबतीत तिनं अजून मनावर घेतलेलं दिसत नाही. माझी प्रकृती तू विचारणार नाहीस म्हणून सांगते, चांगली आहे. रक्तदाब काल सकाळी नऊ एकोणीसपर्यंत उत्तम होता.

आता मुद्द्याला येते. गणपतीत तू माझ्याकडे उतरला होतास. वाडीच्या मांडवात ‘ब्रह्मदेशाच्या रणभूमीवर’ या विषयावर तुझं व्याख्यान झालं आणि लोकांना दाखवायला म्हणून तू घरच्या भिंतीवरची जपानी तलवार बरोबर आणली होतीस. ते व्याख्यान मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. तू ब्रह्मदेशात होतास हे खरं आहे. पंचेचाळीस साली रंगूनच्या लष्करी भांडारात कांबळी, बूट आणि मच्छरदाण्या मोजत होतास हेही तितकंच खरं आहे, पण व्याख्यानाच्या ओघात ते राहून गेलं. सेहेचाळीस साली तू परत आलास तेव्हा या तलवारीचा मालक जपानी कॅप्टन होता. बाबांच्या वर्षश्राद्धाला तो मेजर झाला. बावन्न साली कर्नल, आणि यंदा आमच्या मांडवात तो जनरल होऊन तुला शरण आला. हरल्यावर इतक्या नियमितपणे बढती मिळालेला अधिकारी जपानच्या सैन्यात दुसरा नसेल. मी गप्प बसले. समोर गणपती होता, तू घरचा पाहुणा होतास, आणि त्या खोट्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. (हीच माझी चूक. लहान गाठ वेळेवर कापली नाही की पुढे काय होतं ते मला कुणी सांगायला नको होतं.) दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं तू गेलास. तुझ्या सामानात तलवार आहे की नाही हे मी तपासलं नाही. पाहुण्यांचं सामान तपासण्याची आपल्याकडे पद्धत नाही. यापुढे तुझ्यापुरती ती पाडावी लागेल.

सुंदराबाई तुला ठाऊक आहे, पण किती ठाऊक आहे याची मला आता शंका येते, म्हणून पुन्हा लिहिते. परळच्या आमच्या हॉस्पिटलात ती बावीस वर्षं माझ्या हाताखाली आया होती. नवरा गिरणीत होता, तो आधीच वारला. मुलगी लग्न करून चाळीतच दिलेली. मुलगा एकच, लवू. बेचाळीस साली, एकोणीस वर्षांचा असताना, मराठा पलटणीत भरती झाला आणि चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये इंफाळच्या बाजूला नाहीसा झाला. तार इंग्रजीत होती म्हणून ती घेऊन माझ्याकडे आली. मी शब्दाला शब्द लावून सांगितलं: बेपत्ता, बहुधा मारला गेला. (कॉन्व्हेंटमध्ये भाषांतरात एक शब्द गाळला तर आमच्या सिस्टर शंभरदा लिहायला लावत. त्या शिस्तीचा मला फार अभिमान होता.) सुंदराबाईनं तार हातात घेतली आणि विचारलं, “बहुधा म्हंजे किती?” तिनं तार घडी करून चोळीत ठेवली आणि अर्धवट राहिलेली भांडी धुवायला गेली. त्यानंतर लवूचं काहीही आलं नाही. त्याची ट्रंक पाठवतो असं वर्षभर कळवत होते, तीही आली नाही.

ही बाई तुझं व्याख्यान मागे खांबाला टेकून ऐकत होती आणि नंतर तिनं तुला जिन्यात गाठलं, हे मला काल कळलं. साहेब, तिकडे आमचा लवू भेटला होता का, असं तिनं विचारलं. ‘नाही’ हा शब्द तुला लहानपणापासून उच्चारता येत नाही. भेटला होता म्हणालास. तिथं थांबला असतास तरी मी समजून घेतलं असतं. पण तू सुरू झालास की तुला उतार लागतो. जनरलला खरं तर लवूनंच धरलं, तलवार त्यानंच घेतली, आणि ‘आईला द्या’ म्हणून तुझ्या स्वाधीन केली, असं सांगून तू ती तलवार तिथंच तिच्या हातात ठेवलीस. मी त्या वेळी स्वयंपाकघरात तुझ्यासाठी घावन काढत होते. तासाभरापूर्वी तोच जनरल मांडवात तू स्वतः पकडला होतास, हे तिनं कानांनी ऐकलं होतं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठे लोक खालच्यांचं काम आपल्या नावावर सांगतात, हे हॉस्पिटलात बावीस वर्षं काढलेल्या बाईला नवं नव्हतं.

काल खंडेनवमी. सुंदराबाईनं मला आग्रहानं बोलावलं. खोलीत पाटावर लवूचा फोटो, त्यापुढे नवऱ्याचे गिरणीतले दोन पाने, कोयता, नात मालनची कंपासपेटी, आणि सगळ्यांच्या मध्ये, झेंडूच्या माळेखाली, तुझी तलवार. मी दारातूनच ओळखली. तात्या म्हणून चाळीतले एक वजनदार गृहस्थ आहेत, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आणि समितीचे तिथले पुढारी. त्यांनी जाहीर केलं की दसऱ्याला संध्याकाळी लवूची तलवार मिरवत चाळीची हद्द ओलांडायची, संयुक्त महाराष्ट्राचा जयजयकार करायचा, आणि चाळीच्या दारावर ‘वीर लवू परब’ अशी पाटी लावायची. पाटी रंगवून तयार होती, अजून ओली होती. मात्र शेजारच्या चाळीतल्या कुणी तरी ही तलवार नाटक कंपनीची आहे असं म्हटलं होतं, त्यामुळे एखाद्या जाणत्या माणसानं निकाल द्यावा असं तात्यांचं मत पडलं. सतरा माणसांनी माझ्याकडे पाहिलं. सुंदराबाईनं माळ बाजूला केली, तलवार माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “शिष्टर, तुमका लोखंड कळता. बघून सांगा, बरी आसा मां?”

दिनू, मी आयुष्यभर लोखंडच पाहिलं. कात्र्या, चिमटे, शस्त्रक्रियेच्या सुऱ्या. परदेशातून आलेल्या पेट्याच्या पेट्या मी नापास करून परत पाठवल्या आहेत आणि सर्जन लोक माझ्या सहीची वाट पाहत थांबले आहेत. मूठ हातात घेतली आणि नऊ वीसला मला समजलं. मूठ गार होती. रेशमी दोऱ्यानं गुंडाळलेली मूठ गार लागत नाही. मी म्हटलं, मला उजेड पाहिजे आणि वेळ पाहिजे, घरी नेते. पूजेत मांडलेलं शस्त्र दसऱ्याच्या आधी उचलायचं नसतं, असं तात्यांनी बजावलं. सुंदराबाई म्हणाली, शिष्टर नेतात तर नेऊ द्या. तिनं ती धुतलेल्या चादरीत गुंडाळून दिली.

चादरीतली तलवार घेऊन मी ट्रामनं गिरगावात आले. कंडक्टरनं विचारलं, बाई, हे काय आहे. मी म्हटलं, तलवार. तो हसला, शेजारचे हसले, आणि एका गृहस्थानं उठून मला खिडकीजवळची जागा दिली. खरं बोललं की लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि तू बोलतोस त्यावर मांडव भरतो. हा हिशेब मला अजून उलगडलेला नाही.

घरी गॅलरीत, उत्तरेच्या उजेडात, मी तपासणी केली. मुठीवर दोऱ्याचे पीळ दिसतात, ते ओतीव आहेत. सबंध मूठ अॅल्युमिनियमची एकसंध ओतलेली असून त्यावर दोऱ्याच्या रंगाचा रंग मारला आहे. कडेला रंग उडालाय तिथं ती आपल्या दुधाच्या पातेल्यासारखी दिसते. पात्यावर लांब पन्हळ आहे, ती टोकापर्यंत इतकी सरळ की माणसाचा हात तिला लागलेला नाही, यंत्राचं काम. मुठीजवळ पात्यावर आकडा ठोकलाय: ४७३१८. (तुझ्या जनरलला हजेरीपटावरचा क्रमांक होता, हे व्याख्यानात सांगायला हवं होतंस.) मग मी माझा ढोल काढला. सुऱ्यांची धार पाहायला मऊ कातडं ताणलेला छोटा ढोल असतो, निवृत्त होताना तो मला भेट मिळाला. पातं आपल्या वजनानं त्यावर सोडायचं, हातानं दाबायचं नाही. चांगली सुरी आवाज न करता आरपार जाते. या तलवारीनं कुरकुर केली आणि अर्ध्यावर थांबली. मी वहीत लिहिलं: नापास.

पण एका परीक्षेवर निकाल देणं बरं नव्हे, म्हणून दुपारी चिंचपोकळीला कोंडीराम शिकलगाराकडे गेले. हॉस्पिटलच्या कात्र्यांना त्यानं वीस वर्षं धार लावली. त्याच्या दुकानात सगळं बंद होतं. दोन्ही सहाणांना हळदकुंकू आणि माळा, आणि तो धुतलेला सदरा घालून बाहेर बाकावर बसलेला. आज अवजाराला हात लावणार नाही म्हणाला. मी ढोलाचं सांगितलं तेव्हा त्यानं कानाला हात लावले. पूजेतलं शस्त्र खंडेनवमीला चालवलंत, बाई? तुम्ही शिकलेल्या आहात ना? एवढ्या वर्षांत माझी चूक काढलेला तो पहिला माणूस, आणि त्याचं बरोबर होतं. मी चादरीची घडी नीट करत बसले. पाहणं म्हणजे चालवणं नव्हे, असं त्यानं मग स्वतःच ठरवलं. पात्यावर तोंडाची वाफ सोडली आणि ती कशी उडते ते पाहिलं. नखानं टिचकी मारून कानाशी धरलं. म्यान हातात घेऊन उलटसुलट फिरवलं आणि हसला.

त्याचं म्हणणं असं. ही जपानचीच, नाटकातली नाही. कारखान्यात हजारोंनी केलेली, साहेबांची नव्हे, हवालदार लोकांना वाटायची. काम घाईचं आहे, धार लावणाऱ्याला वेळ दिलेला नाही, पण पोलाद प्रामाणिक आहे. त्याला हे कसं माहीत? सेहेचाळीस-सत्तेचाळीसला भंगारवाल्यांकडून अशा तलवारींचे भारे त्याच्याकडे आले आणि त्यानं त्या कापून विळ्या केल्या. लालबागमधल्या कितीतरी बायका गेली दहा वर्षं त्यावर बांगडे कापताहेत, कुणाची तक्रार नाही. मग त्यानं मला म्यानावरचा आकडा दाखवला, जो मी पाहिलाच नव्हता: ६१९०२. एका माणसाच्या कमरेला असते तेव्हा पात्याचा आणि म्यानाचा आकडा एकच असतो, म्हणाला. रणात काढून घेतली तर जोडी फुटत नाही. जोडी फुटते ती ढिगात. शरण आलेल्यांनी पाती एकीकडे, म्यानं एकीकडे टाकली, आणि कुणी तरी सावकाश बसून दोन्ही ढिगांतून एकेक उचललं, की अशी होते.

सावकाश बसून. रंगूनच्या भांडारात, पंचेचाळीसच्या सप्टेंबरात. आणि लवू चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये नाहीसा झाला होता. दीड वर्ष आधी गेलेल्या मुलाच्या हातात तू ही तलवार दिलीस, आणि त्याच्या आईच्या हातात त्याचा पुरावा. मला राग आला तो याचा. तुझे जनरल तुझ्यापाशी ठेव. तिच्याकडे त्या मुलाचं काही नव्हतं, आणि काही नसणं निदान खरं होतं.

आज चार वाजता मी तलवार परत करायला जाते आहे. तपासणीचा अहवाल एका कागदावर मुद्द्यांनिशी लिहिला आहे, मूठ, पन्हळ, आकडे, काळ, आणि तो मी सर्वांसमक्ष वाचणार आहे. पाटी ओली असतानाच पुसली जाईल. तुझ्याकडून मला तीन प्रश्नांची लेखी उत्तरं हवीत. एक, ही तलवार तुला कुठून मिळाली. दोन, लवू परब हा इसम तू कधी डोळ्यांनी पाहिलास का. तीन, एका आईशी असं वागताना तुझ्या मनात काय होतं. उत्तरं सही आणि तारखेसह, मंगळवार दिनांक ८ ऑक्टोबरपर्यंत. सौ. नलूला आशीर्वाद. तुलाही, वर लिहिल्याप्रमाणे.

तुझी,
हेमाताई

ता. क. (सायंकाळी साडेसात.) दसऱ्याला टपालपेटी उघडत नाहीत म्हणून पत्र घरीच होतं. चारला लालबागला पोचले. सतराचे साठ झाले होते, जिन्यावरही माणसं. पाटी वाळली होती. तात्या म्हणाले, बोला बाई. मी चष्मा लावला, कागद उघडला. सुंदराबाई जवळ आली. तिनं तलवारीकडे पाहिलं नाही, कागदाकडेही नाही. फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, “तेच्या हातात होती मां?”

मी म्हटलं, “होती.”

चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्यानंतर मी सर्वांना मोठ्यानं सांगितलं की तलवार अस्सल आहे, पोलाद प्रामाणिक आहे, आणि कोंडीराम शिकलगाराचा हवाला दिला. तेवढं सगळं खरं होतं. कागद मी पर्समध्ये टाकला. मग मिरवणूक निघाली. तात्यांना ती स्वतः मिरवायची होती, पण सुंदराबाईनं कुणाला दिली नाही. बारशाला मूल न्यावं तशी दोन्ही हातांवर आडवी धरून ती पुढे चालली होती, आणि मागे साठ माणसं संयुक्त महाराष्ट्र मागत होती. मी कॉन्व्हेंटमधली मुलगी राहिले असते तर शनिवारी पाद्रीबाबांच्या जाळीपाशी गुडघे टेकून मोकळी झाले असते. आपल्यात तशी सोय नाही, म्हणून तुला सांगते.

ता. क. दुसरा. परत येताना ट्राममध्ये एक गोष्ट लक्षात आली, ती लिहून टाकते, नाहीतर उद्यापर्यंत मला पटणार नाही. अकरा वर्षं ती तलवार तुझ्या बैठकीच्या भिंतीवर होती. येणाऱ्या प्रत्येकाला तू ती दाखवलीस. कांबळी मोजणाऱ्या माणसाजवळ दाखवायला तेवढंच होतं. ती काढून दिलीस. आता तुझ्याकडे काही नाही. मी गॅलरीत बसून जी वस्तू नापास केली ती तू देऊन टाकलेली वस्तू होती, हे तपासणीत यायला हवं होतं. त्याबद्दल तुझं कौतुक करते असं समजू नकोस.

ता. क. तिसरा आणि महत्त्वाचा. वरचे तीन प्रश्न रद्द. त्याऐवजी सुंदराबाईला पत्र लिही. मराठीत, ठळक अक्षरात, मालन वाचून दाखवील. आता हे काम माझ्याही सहीचं आहे, तेव्हा नीट ऐक. जनरल अजिबात नको. जपानी हवालदार. काळ चव्वेचाळीसचा फेब्रुवारी. तू तेव्हा रंगूनला नव्हतास, रंगून जपान्यांकडे होतं, एवढं तरी ध्यानात ठेव. मणिपूरच्या भांडारात होतास असं लिही. म्यान दुसरं का, तर मूळचं फुटलं होतं आणि तू भांडारातून दुसरं काढून दिलंस. लवूला थंडी वाजत होती, तू त्याला कांबळं दिलंस, दोन दिलीस असं लिही. हे तुला खऱ्यासारखं लिहिता येईल. तो जेवला होता का ते नक्की लिही, काय जेवला तेही. गावाकडची आठवण काढली असं लिही, पण गावाचं नाव घालू नकोस, तुला माहीत नाही. तो काय म्हणाला हे एका वाक्यापेक्षा जास्त नको. तुला एकावर थांबणं कठीण आहे, हे जाणून सांगते: एक वाक्य.

बुधवारी सुंदराबाई तलवार घेऊन बोटीनं गावी जाते आहे, देवासमोर ठेवायला. तिथं ती ते पत्र वाचून घेणार आहे. म्हणून मंगळवार दिनांक ८ ऑक्टोबर, संध्याकाळच्या टपालापर्यंत ते लालबागला तिच्या हातात पडलं पाहिजे, तुझ्या सहीनं आणि तारखेनं. मला काही लिहू नकोस. हे पत्र वाचून जाळ, आणि बसून ते लिहायला घे.